पायांत साचणारे रक्त, थकवा आणि हवेच्या दाबाचे बूट

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे म्हणणे आधी थोडक्यात मांडते. वय ३४, माध्यमिक शाळेत शिक्षिका. सव्वा वर्षापूर्वी मोठा व्हायरल ताप येऊन गेला आणि तेव्हापासून वर्गात दहा-पंधरा मिनिटे उभे राहिले की पाय शिशासारखे जड होतात, तळपाय जांभळट दिसू लागतात, छातीत धडधडते, बोलता बोलता शब्द सापडत नाही आणि घरी आल्यावर ओट्याशी उभे राहण्याचे त्राण उरत नाही. डॉपलर तपासणीत, म्हणजे शिरांतल्या रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वाकड्या शिरा) नाहीत, हृदयाचा इको व्यवस्थित आहे. झोपलेले असताना नाडीचे ठोके ७६ आणि उभे राहून दहा मिनिटांनी ११४. रक्तदाब मात्र जवळजवळ तेवढाच. औषधाच्या दुकानातून आणलेले, पायांना दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे महिनाभर वापरून फरक पडला नाही, म्हणून आता मांडीपर्यंत चढवायचे, हवा भरून दाब देणारे यंत्र घ्यावे का, आणि घेतलेच तर मधुमेह असलेल्या सासूबाईंनाही ते लावता येईल का, असे त्यांना विचारायचे आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली २२ वर्षे प्रामुख्याने पायांची सूज, लसिकासूज (लसिकावाहिन्यांतला द्रव अडून येणारी सूज) आणि उभे राहणे न सोसणारे रुग्ण यांच्याबरोबर काम करते. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट वेगळी काढावीशी वाटते. ‘पाय जड होतात’ या एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक सूज, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपलेले पाणी. दुसरी साचणे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतच, खालच्या भागात थबकलेले रक्त. सुजेवर बोट दाबले तर खळगा पडतो आणि रात्रभर झोपूनही ती पूर्ण उतरतेच असे नाही. साचलेले रक्त मात्र आडवे पडले की मिनिटाभरात परत फिरते आणि उभे राहिले की तितक्याच लवकर पुन्हा खाली जाते. तुम्ही पाहिलेले यंत्र पहिल्या तक्रारीसाठी बनलेले आहे आणि तुमची तक्रार, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, दुसरी आहे.

निदान करणे हे तुमच्या डॉक्टरांचे काम आहे आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तरीही तुमचे आकडे बोलके आहेत. रक्तदाब न घसरता, उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत ठोके ३० किंवा अधिकने वाढणे आणि अशी लक्षणे निदान तीन महिने टिकणे, या चित्राला वैद्यकात ‘पॉट्स’ म्हणतात. १२ ते १९ वयाच्या मुलांमध्ये हीच मर्यादा ४० ठोक्यांची धरतात. तुमची वाढ ३८ ची आहे. पण रक्ताल्पता, शरीरातले पाणी कमी असणे, थायरॉइड वाढलेले असणे, एखादे औषध, अशा अनेक गोष्टी हेच चित्र उभे करू शकतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड यांचे अहवाल तुम्ही लिहिलेले नाहीत. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत आणि पाळीचा रक्तस्राव जास्त असलेल्या स्त्रियांत, मी दाब देणाऱ्या साधनांचा विचार करण्याआधी हे अहवाल मागते, कारण रक्तच कमी असेल तर ते वर ढकलण्याची साधने फार काही करू शकत नाहीत.

आता मूळ यंत्रणा. निरोगी माणूस उभा राहिला तरी साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली, पोट, ओटीपोट आणि पायांकडे सरकते. हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांना आपण शाळेत नीला म्हणून शिकलो. या नीला पातळ भिंतीच्या आणि सहज फुगणाऱ्या असतात आणि शरीरातल्या एकूण रक्ताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी त्यांच्यातच असतो. उभे राहताच मेंदूकडून संदेश जातो, नीला आणि लहान धमन्या आवळतात, ठोके थोडे वाढतात आणि तोल सावरला जातो. तुमच्यासारख्या रुग्णांत हे आवळणे अपुरे पडते, किंवा मुळात रक्ताचे आकारमानच कमी असते, किंवा दोन्ही. मग हृदयाला परत येणारे रक्त कमी पडते आणि ती तूट ते ठोके वाढवून भरून काढू पाहते. धडधड हा म्हणून हृदयाचा दोष नसून त्याने केलेली भरपाई आहे.

दाब मोजतात पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पुढे मी नुसते ‘मिलिमीटर’ म्हणेन. झोपलेले असताना घोट्याजवळच्या नीलेत १०-१५ मिलिमीटर दाब असतो. तोच माणूस न हलता उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचे सगळे वजन तिथे येते आणि दाब ८०-९० पर्यंत चढतो. चालायला लागला की पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलाला नीला पिळतात, झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत आणि दाब २०-३० पर्यंत उतरतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यासाठी. तुम्ही लिहिले आहे की बाजारात तासभर फिरणे जमते पण प्रार्थनेच्या वेळी दहा मिनिटे उभे राहणे जमत नाही, आणि घरच्यांना ते खोटे वाटते. ते खोटे नाही. वरचे आकडे त्यांना दाखवा.

थोडे विषयांतर करते, पण ते पुढे उपयोगी पडेल. पायावर खाली जास्त आणि वर क्रमाने कमी दाब देणारे मोजे लोकप्रिय करणारे कॉनराड जॉब्स्ट हे अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थायिक झालेले जर्मन अभियंते होते. त्यांना स्वतःलाच नीलांचा त्रास होता आणि पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो हे त्यांच्या लक्षात आले. कारण सरळ आहे. १.३६ सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे १ मिलिमीटर पारा. छातीपर्यंत, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर पाण्यात उभे राहिले तर घोट्याला बाहेरून जवळजवळ ८८ मिलिमीटर दाब मिळतो आणि वर तो कमी कमी होत जातो. आतून जेवढा, बाहेरून तेवढाच. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचायला जागाच राहत नाही. विहिरीतून किंवा तलावातून एकदम बाहेर आल्यावर काहींना भोवळ येते तीही यामुळेच, कारण तो दाब एका क्षणात निघून जातो.

आता यंत्राकडे येऊ. मांडीपर्यंतच्या बुटासारख्या आवरणात चार, सहा किंवा आठ कप्पे असतात. पंप आधी पावलाच्या कप्प्यात, मग पोटरीच्या, मग मांडीच्या कप्प्यात हवा भरतो, थोडा वेळ दाब ठेवतो आणि सोडून देतो. हे सगळे तुम्ही आडवे पडलेले किंवा पाय लांब करून बसलेले असताना. आडव्या माणसाच्या पायातल्या नीला २०-२५ मिलिमीटर दाबानेच जवळजवळ मिटतात, त्यामुळे ४०-५० मिलिमीटरचे यंत्र त्या अगदी छान रिकाम्या करते. पण आडवे पडल्यावर त्या तशाही बऱ्याच रिकाम्या झालेल्या असतात. तुम्ही बूट काढून उभ्या राहिलात की आतला दाब पुन्हा ८०-९० वर जातो आणि बाहेरून आता काहीच नसते. निरोगी पायातल्या नीला रिकाम्या केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा भरतात. तुमच्याही तितक्याच वेळात भरतील. नीला म्हणजे स्पंज नव्हे की एकदा पिळला की तासभर कोरडा राहील. टाकीतले पाणी उपसून नळ तसाच चालू ठेवावा, तसे हे आहे.

यंत्राला मी वाईट म्हणत नाही. माझ्या दवाखान्यात दोन आहेत आणि रोज चालतात. हत्तीरोगामुळे पाय सुजलेले रुग्ण, ज्यांची संख्या पूर्व विदर्भात आजही लक्षणीय आहे, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर लसिकासूज आलेल्या स्त्रिया, नीलांच्या आजारामुळे घोट्याला न भरणारी जखम असलेले लोक, यांना बँडेजबरोबर त्याचा चांगला उपयोग होतो. रुग्णालयात खाटेला खिळलेल्या माणसाच्या पायात गुठळी होऊ नये म्हणूनही ते लावतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, पक्षाघातामुळे चालू न शकणाऱ्या २,८७६ रुग्णांपैकी ज्यांना असे यंत्र लावले त्यांच्यात मांडीच्या भागातील नीलेत गुठळी होण्याचे प्रमाण १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. म्हणजे यंत्र काम करते, पण ज्याची पोटरी स्वतः काम करत नाही त्याच्यासाठी. तुमची पोटरी उत्तम काम करते. तिला वर्गात संधी मिळत नाही एवढेच.

‘पण मैत्रिणीकडे लावून पाहिले तेव्हा बरे वाटले’ असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते मला पूर्ण पटते. अर्धा तास आडवे पडणे हा तुमच्या आजारावरचा सर्वांत प्रभावी तात्पुरता उपाय आहे. त्यात लयबद्ध दाबाने स्नायूंना सुखही मिळते. त्यातला किती भाग पडून राहण्याचा आणि किती यंत्राचा, हे यंत्र न लावता तितकाच वेळ पाय उशीवर ठेवून पडल्याशिवाय कळणार नाही. हा प्रयोग फुकट आहे, आधी तो करा. एक बारीक शंकाही मनात ठेवा. पायातला द्रव एकदम छातीकडे आला की शरीराला ‘पाणी जास्त झाले’ असे वाटते आणि लघवी वाढते. पाण्यात बराच वेळ डुंबल्यावर लघवीला लागते ते यामुळे. ज्यांचे रक्ताचे आकारमान आधीच कमी आहे त्यांनी शाळेत निघण्यापूर्वी तासभर यंत्र लावणे म्हणूनच मला प्रशस्त वाटत नाही. संध्याकाळी, आराम म्हणून, ४० मिलिमीटरच्या आसपास, अर्धा तास लावले तर हरकत घेणार नाही. मात्र त्यासाठी एवढे पैसे मोजावेत का, हा निर्णय तुमचा. मी मोजले नसते.

मग मोज्यांनी फरक का पडला नाही? इथेच मला सगळ्यांत जास्त लिहायचे आहे, कारण ‘मोजे वापरून पाहिले, उपयोग नाही’ असे म्हणणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांनी योग्य मोजे वापरलेलेच नसतात. पहिली गोष्ट लांबीची. गुडघ्याखालच्या भागात साचणारे रक्त हे एकूण साचण्याचा लहान हिस्सा आहे. मांड्या, नितंब आणि मुख्यतः पोट यांत त्याहून पुष्कळ जास्त जागा आहे. आतडी, यकृत आणि प्लीहा यांच्या नीला हे शरीरातले रक्ताचे सर्वांत मोठे कोठार आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातून २०२१ साली पॉट्सच्या ३० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पोट आणि पाय दोन्हींवर दाब दिला तेव्हा ठोके सर्वांत चांगले आटोक्यात राहिले आणि लक्षणेही कमी झाली. केवळ पायाच्या खालच्या भागावर दाब दिला तेव्हा फायदा बराच कमी होता. माझ्या रुग्णांतही तेच दिसते. गुडघ्यापर्यंतचे मोजे घोट्याची सूज आणि पोटरीचा जडपणा कमी करतात, पण धडधडीवर त्यांचा परिणाम नगण्य असतो.

म्हणून तुमच्यासाठी माझी पसंती कमरेपर्यंतच्या, पोटाचाही भाग झाकणाऱ्या दाबाच्या पँटीला आहे. ती न मिळाल्यास किंवा न सोसल्यास मांडीपर्यंतचे मोजे आणि पोटाचा पट्टा. पट्ट्याला नाके मुरडू नका. बाळंतिणीचे पोट सुती कापडाने बांधण्याची आपल्याकडची जुनी रीत आठवा. कारण वेगळे सांगितले जाई, पण उभे राहिल्यावर पोटात रक्त साचू न देणे हा परिणाम त्यातही होताच. पट्टा बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, श्वास घेताना अडथळा वाटू नये आणि आडवे पडताना तो सैल करावा. साडी किंवा कुडत्याखाली तो दिसत नाही. जेवणानंतर पोटाकडे रक्त जास्त वळते, त्यामुळे मधल्या सुट्टीत डबा खाऊन लगेच तास असेल तेव्हा पट्टा सर्वांत उपयोगी. मात्र आम्लपित्ताचा त्रास असेल तर तोच सर्वांत नकोसाही वाटतो. काही जणींना केवळ पट्ट्यानेच पुरेसा फरक पडतो, आणि उन्हाळ्यात तो मोज्यांपेक्षा पुष्कळ सुसह्य असतो. अगदी सुरुवात स्वस्तात करायची असेल तर मी पट्ट्यानेच करायला सांगते.

दुसरी गोष्ट दाबाची. वेष्टनावर ‘वर्ग २’ असे लिहिलेले असते, पण जर्मन पद्धतीत वर्ग २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर आणि ब्रिटिश पद्धतीत १८ ते २४. म्हणून वर्ग न पाहता मिलिमीटरचा आकडा पाहावा. १५-२० चे मोजे प्रवासासाठी आणि हलक्या जडपणासाठी ठीक. तुमच्यासारख्या तक्रारीत मी २०-३० ने सुरुवात करते आणि ते सोसले व अपुरे पडले तरच, डॉक्टरांशी बोलून, ३०-४० कडे जाते. उभ्या माणसाच्या पोटरीतली नीला पूर्ण मिटवायला ५० ते ७० मिलिमीटर दाब लागतो. तेवढ्या दाबाचे मोजे कोणी दिवसभर घालू शकत नाही, आणि तशी गरजही नाही. नीला फुगण्याची मर्यादा कमी केली तरी हृदयाला परत येणारे रक्त वाढते. ज्यावर आकडाच छापलेला नाही, केवळ ‘थकवा घालवणारे’ असे लिहिलेले असते, ते मोजे म्हणजे घट्ट मोजे, त्याहून अधिक काही नाही.

तिसरी गोष्ट मापाची, आणि ही सर्वांत दुर्लक्षित. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजण्यापूर्वी, घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा आणि मांडीचा सर्वांत जाड घेर आणि जमिनीपासूनची लांबी मोजावी. दाब हा कापडाच्या ताणावर आणि पायाच्या गोलाईवर अवलंबून असतो. ताण तोच असला तरी बारीक घोट्यावर दाब जास्त आणि जाड मांडीवर कमी पडतो. त्यामुळे बारीक पायांच्या व्यक्तीला चुकीच्या मापाचा मोजा घोट्याला काचतो आणि मांडीवर लोंबतो. मोजा गुडघ्यामागे गोळा झाला किंवा लांब म्हणून वरून दुमडला तर तिथे दुप्पट दाबाची दोरीच तयार होते आणि रक्त वर जाण्याऐवजी तिथेच अडते. घरच्या घरी क्रेप बँडेज गुंडाळण्याच्या विरोधात मी यासाठीच आहे. प्रत्येक वेढ्याला ताण वेगळा पडतो आणि दोन तासांत ते सैल होऊन घसरते.

वापराच्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी मोजे चढवा. उभे राहून, अंघोळ करून, मग मोजे घालणे म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी घालणे. सकाळची गरम पाण्याची अंघोळ रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून ती रात्री करावी, नाहीतर कोमट पाण्याने, स्टुलावर बसून करून पुन्हा दहा मिनिटे आडवे पडून मगच मोजे घालावेत. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून कापड वर सरकवले तर पकड चांगली मिळते आणि नखाने धागा तुटत नाही. त्या आधी तेल किंवा क्रीम लावू नका. रात्री काढून ठेवा, रोज साध्या साबणाने धुवा, पिळू नका, उन्हात वाळवू नका. आलटून पालटून दोन जोड वापरले तरी पाच-सहा महिन्यांत ताण जातो. एप्रिल-मेमध्ये नागपूर किंवा जळगावकडे दिवसभर लांब मोजे घालणे कठीणच आहे, आणि नेमकी उष्णतेतच लक्षणे वाढतात. अशा दिवसांत मी पट्टा दिवसभर आणि मोजे केवळ उभे राहण्याच्या तासांपुरते, असा समझोता करते. बोटे उघडी राहणारे मोजे घेतले तर चिखल्या आणि बुरशीचा त्रासही कमी होतो.

एवढे करूनही तुम्हाला उपयोग होतो आहे की नाही, हे ‘बरे वाटले’ यावर सोडू नका. घरी एक साधी चाचणी करता येते. सकाळी, चहाच्या आधी, दहा मिनिटे शांत पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग भिंतीला पाठ टेकवून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून, न हलता, न बोलता उभ्या राहा आणि १, ३, ५ व १० मिनिटांना आकडे लिहा. शेजारी कोणीतरी असलेच पाहिजे आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच थांबायचे. एकटीने हे मुळीच करू नका. पहिल्या दिवशी काहीही न घालता, दुसऱ्या दिवशी केवळ पट्टा, तिसऱ्या दिवशी पट्टा आणि लांब मोजे, आणि मैत्रिणीचे यंत्र एका दिवसासाठी मिळाले तर चौथ्या दिवशी अर्धा तास यंत्र लावून ते काढल्यानंतर. असा क्रम दोनदा करा, कारण झोप, पाळीचे दिवस आणि आदल्या दिवशीचे पाणी यांनीही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. माझ्याकडे अशा नोंदी घेऊन येणाऱ्यांमध्ये तिसऱ्या दिवसाचा आकडा बहुधा सर्वांत चांगला आणि चौथ्याचा जवळजवळ पहिल्यासारखाच असतो. तुमचा वेगळा आला तर तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवा, माझ्या अंदाजावर नको.

आता थकवा. त्याचे मी दोन भाग करते. एक भाग उभे राहण्याशी थेट जोडलेला असतो: दिवसभर हृदय ११०-१२० ने धावते, मेंदूकडे रक्त कमी जाते, नकळत श्वास जलद होतो, आणि चार तासांनी माणूस गळून जातो. हा भाग दाबाच्या साधनांनी खरोखर कमी होतो, आणि झाला तर तो पहिल्या दोन आठवड्यांतच जाणवतो. दुसरा भाग तापानंतर मागे राहिलेला असतो. थोडे जास्त श्रम झाले की त्या दिवशी काही नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंथरुणाला खिळतो. या भागावर कोणताही मोजा काम करत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी इथे एक चूक केली होती. एका तरुण रुग्णाला मोज्यांनी उभे राहणे जमू लागले म्हणून मी उत्साहाने रोजचे चालणे आणि व्यायाम भराभर वाढवला, आणि तीन आठवड्यांत ती होती त्याहून मागे गेली. उभे राहता येणे आणि श्रम सोसणे या निराळ्या गोष्टी आहेत हे तिने मला शिकवले. केवळ पॉट्स असेल तर पडून किंवा बसून करायचे व्यायाम, म्हणजे मागे टेकून चालवायची सायकल किंवा पोहणे, काही महिन्यांत चांगला फायदा देतात. पण श्रमानंतर उशिरा कोसळण्याची खूण असेल तर व्यायाम ठरावीक वेगाने वाढवत नेऊ नये. तुमच्या लिहिण्यात ती खूण आहे की नाही हे स्पष्ट होत नाही. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिहून ठेवा, म्हणजे कळेल.

वर्गात करता येण्यासारखे बरेच आहे. उंच स्टुलावर टेकून शिकवा आणि मुख्याध्यापकांना तसे लेखी कळवा. फळ्याजवळ उभ्या असाल तेव्हा पाय एकमेकांवर आडवे ठेवून मांड्या आणि नितंब अर्धा मिनिट आवळून धरा; बाहेरून कोणाला कळतही नाही, आणि रक्त मोज्यांपेक्षा जोरात वर जाते. अंधारी येऊ लागली तर बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने उकिडवे बसा, मात्र उठताना सावकाश. पाणी दिवसाला दोन ते तीन लिटर. मीठ वाढवण्याचा सल्ला पॉट्समध्ये देतात, पण रक्तदाब, मूत्रपिंड आणि गर्भधारणेचा विचार डॉक्टरांनी केल्याशिवाय ते स्वतःच्या मनाने वाढवू नये.

एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणे, किंवा अचानक धाप लागणे, असे काही झाले तर मोजे नाहीत, यंत्र तर मुळीच नाही. त्याच दिवशी डॉक्टर आणि डॉपलर. आधीचा डॉपलर सहा महिन्यांपूर्वीचा आहे, तो यासाठी चालणार नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर सध्या स्पष्ट ‘नाही’ असे आहे. १८ वर्षांचा मधुमेह, पायांची आग, आणि चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावे लागणे, असे तुम्ही लिहिले आहे. चालताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे गोळे हे बहुधा नीलांचे नसून धमन्यांचे दुखणे असते. रक्त पायातून वर येण्याची नव्हे, पायापर्यंत पोहोचण्याची अडचण असते. तिथे बाहेरून दाब दिला तर उरलासुरला पुरवठाही अडतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात; ते ०.९ च्या खाली असेल तर धमन्या अरुंद आहेत असे समजतात, ०.८ च्या खाली दाबाची साधने तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय वापरत नाहीत आणि ०.५-०.६ च्या खाली टाळतातच. त्यात मधुमेहात धमन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात, त्यामुळे हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो; त्यांच्या बाबतीत पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजून घ्यावा. शिवाय आग होणे म्हणजे नसा बधिर होऊ लागल्या आहेत. बूट कुठे काचला, फोड आला, तरी त्यांना ते वेळेत कळणार नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवरची २०१३ ची जी चाचणी वर सांगितली, तिच्याच मालिकेतील २००९ च्या चाचणीत मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीतच, उलट सुमारे ५ टक्के रुग्णांच्या त्वचेला इजा झाली. मोजे न घातलेल्यांत हे प्रमाण १ टक्का होते. तेव्हा त्यांच्यासाठी आधी धमन्यांची तपासणी आणि बधिरपणाची चाचणी. आणि आज संध्याकाळीच, चांगल्या उजेडात, त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः पाहा. न दुखणारी लहानशी जखम तिथे आधीच असण्याची शक्यता मला यंत्राच्या प्रश्नापेक्षा जास्त काळजीची वाटते.